दूरस्थ पदवीशिक्षण, महाराष्ट्रातील

महाविद्यालयात नित्य उपस्थित न राहता, आपल्या गावी राहून व चरितार्थाचा उद्योग सांभाळून केलेल्या अध्ययनावर विद्यापीठाची पदवी मिळविण्याच्या पद्धतींना दूरस्थ पदवीशिक्षण म्हणतात. महाराष्ट्रात त्याची चार रूपे क्रमाने पुढे आली : केवळ परीक्षेपुरता संबंध ठेवणारी बहिःस्थ पद्धती, टपालाने पाठ पाठविणारी पत्रद्वारा पद्धती, अभ्यास केंद्रांच्या साहाय्याने चालणारी मुक्त विद्यापीठाची पद्धती आणि संगणक व भ्रमणध्वनी यांच्या द्वारे चालणारी ऑनलाइन पद्धती. नवे रूप आले म्हणून जुने लगेच लोपले असे झाले नाही. पुष्कळ काळ ती शेजारी शेजारी नांदली. लोकव्यवहारात मात्र या सर्वांना ‘बाहेरून शिकणे’ असे एकच नाव आहे. त्या एका नावामुळे घोटाळाही बराच झाला. कारण या चार पद्धतींचे कायदेशीर स्थान व खर्च हे एकसारखे नाहीत आणि विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी काय पडताळून पाहावे, हेही प्रत्येकीत निराळे आहे. सुमारे पाऊण शतकाच्या या इतिहासात विद्यार्थी व विद्यापीठ यांच्यातील अंतर उत्तरोत्तर घटत गेले, परंतु योग्य शिक्षणक्रम निवडण्याचा भार तितक्याच प्रमाणात विद्यापीठाकडून विद्यार्थ्याकडे सरकत गेला.

हा बदल शहरापेक्षा खेड्यात अधिक स्पष्ट दिसतो. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी हा अवर्षणप्रवण तालुका. नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट ओलांडल्यावर लागणारे तिसगाव हे त्या तालुक्यातील आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे ठिकाण आहे. कानिफनाथांच्या समाधीसाठी प्रसिद्ध असलेले मढी येथून जवळच आहे. या भागातील अनेक कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या मुलखात जातात व हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात परततात. गावात मागे राहतात ते शाळाशिक्षक, दुकानदार, सरकारी व सहकारी संस्थांतील कर्मचारी, शेती सांभाळणारे मुलगे आणि लग्न होऊन आलेल्या सुना. दूरस्थ शिक्षणाचा खरा विद्यार्थिवर्ग हाच होय. जिल्ह्यातील पहिले महाविद्यालय, अहमदनगर कॉलेज, १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्थापन केले. तोपर्यंत पदवीसाठी जिल्हा सोडूनच जावे लागे. त्यानंतरही तिसगावच्या मुलाला नगरला खोली घेऊन राहणे किंवा बाहेरून परीक्षा देणे, या दोनच वाटा दीर्घकाळ होत्या. पुढे पाथर्डीला बाबूजी आव्हाड महाविद्यालय झाल्यावर अंतर बरेच कमी झाले. पण दिवसा नोकरीवर किंवा शेतात असणाऱ्याला आणि घर सोडण्याची मुभा नसणाऱ्या विवाहितेला दहा-पंधरा किलोमीटरवरचे महाविद्यालयही दूरच राहिले. अंतर हे नेहमीच रस्त्याचे असते असे नाही.

पूर्वपीठिका : शिकविणे एकाने आणि परीक्षा दुसऱ्याने घेणे ही कल्पना महाराष्ट्रात इंग्रजी अमदानीबरोबर आली. मुंबई विद्यापीठ (१८५७) लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, स्वतः न शिकविता संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारे विद्यापीठ म्हणून स्थापन झाले. लंडन विद्यापीठाने मात्र १८५८ च्या सनदेनुसार महाविद्यालयातील उपस्थितीची अट काढून टाकली आणि जगातील कोठल्याही उमेदवाराला आपल्या बहुतेक पदवी परीक्षा खुल्या केल्या. मुंबईने लंडनचा पहिला नमुना घेतला, सुधारलेला घेतला नाही. ‘टर्म भरणे’ हा मराठी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात रुळलेला शब्दप्रयोग त्या उपस्थितीच्या अटीची आठवण होय. लंडनचा धडा मुंबईने एक वर्ष थांबून गिरविला असता, तर येथील बहिःस्थ शिक्षणाचा इतिहास निराळा झाला असता असे म्हणावेसे वाटते.

उपस्थितीची अट सर्वांत जाचक ठरली ती स्त्रियांना. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने (नंतरचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ) मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे तत्त्व अंगीकारले व घरी अभ्यास करून परीक्षेस बसू इच्छिणाऱ्या स्त्रियांनाही वाव दिला. त्या काळी या विद्यापीठाच्या पदव्यांना सरकारमान्यता नव्हती. ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये वैधानिक विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर आली. मधल्या पस्तीस वर्षांत तेथून पदवी घेतलेल्या स्त्रियांची विद्या कमी प्रतीची होती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु नोकरीच्या दारात त्यांना त्या पदवीचा उपयोग मर्यादितच झाला. विद्या आणि मान्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राला प्रथम येथे जाणवले.

विद्यापीठांबाहेरही घरी अभ्यास करून द्यावयाच्या परीक्षांची एक मोठी परंपरा महाराष्ट्रात होती. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून निघालेले पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ (१९२१), महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या मराठीच्या परीक्षा, वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती (१९३६) व पुण्याची महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा यांच्या हिंदीच्या परीक्षा, गांधर्व महाविद्यालयाच्या संगीताच्या परीक्षा यांची केंद्रे लहान गावांतूनही असत. खुद्द पाथर्डी हे अशा एका परीक्षा मंडळाचे केंद्र होते : आनंदऋषीजींच्या प्रेरणेने १९३६ मध्ये स्थापन झालेल्या श्री तिलोक रत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षांना अन्य प्रांतांतील विद्यार्थीही आपापल्या गावी अभ्यास करून बसत. ज्या तालुक्यात पदवीचे महाविद्यालय नव्हते, तेथून दूरदूरच्या अभ्यासकांच्या परीक्षा घेतल्या जात, ही गोष्ट लक्षणीय आहे. या परीक्षांना पदवीचे स्थान नव्हते. हिंदीच्या काही परीक्षांना सरकारने समकक्षता दिली, ती हिंदी विषयाच्या पातळीपुरतीच. ती संपूर्ण पदवीशी समकक्ष आहे असे समजून पुढील प्रवेशासाठी वा बढतीसाठी अर्ज करणाऱ्यांची निराशा होई. मान्यता कोणाची, एवढे विचारून भागत नाही. ती कशापुरती, हेही विचारावे लागते.

बहिःस्थ पद्धती : पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले व अहमदनगर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आला. या विद्यापीठाच्या कला व वाणिज्य शाखांच्या परीक्षांना बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बसण्याची सोय ग्रामीण महाराष्ट्रात अतिशय लोकप्रिय झाली. तिचे स्वरूप अगदी साधे होते : नेमणुकीची पुस्तके पाहावयाची, परीक्षेचा अर्ज मुदतीत भरावयाचा, उन्हाळ्यात परीक्षा द्यावयाची. शिकविण्याची कोणतीही जबाबदारी विद्यापीठाने घेतलेली नव्हती. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील दुकानांतून आणलेली जुनी पुस्तके व मार्गदर्शके, आधी पास झालेल्या एखाद्या मास्तरांच्या वह्या आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका हीच विद्यार्थ्याची सामग्री. शालान्त परीक्षेच्या पातळीवर हेच काम ‘सतरा नंबरच्या फॉर्मा’ने होई व आजही होते, माध्यमिक व उच्च माध्यमिक परीक्षांना खाजगी रीत्या बसण्यासाठी राज्य मंडळाचा हा अर्ज आहे.

या सोयीचा सर्वांत मोठा लाभ प्राथमिक शिक्षकांनी घेतला. मराठी सातवी (व्हर्नाक्युलर फायनल) होऊन अध्यापनवर्ग पूर्ण केलेले अनेक शिक्षक नोकरीत असताना प्रथम मॅट्रिक, मग बी.ए. व क्वचित एम.ए. अशा पायऱ्या बाहेरूनच चढले. दिवसा शाळा, संध्याकाळी शेतीचे काम आणि रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यास, हा क्रम एका पिढीच्या परिचयाचा आहे. सैन्यातील जवान, पोलीस, तलाठी, एस.टी.चे वाहक आणि लग्नानंतर शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रिया हे इतर वर्ग होत. विषयांची निवड आवडीपेक्षा पुस्तकांच्या उपलब्धतेवर ठरे. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांकडे ओढा असे. प्रयोगशाळा लागणारे विज्ञान तर या वाटेने मिळतच नसे.

बहिःस्थ पद्धतीवर टीका पुष्कळ झाली व ती बव्हंशी रास्त होती. तीत अध्ययन नव्हते, केवळ परीक्षण होते. घोकंपट्टीला तिने उत्तेजन दिले. नापास झालेल्याला आपले काय चुकले हे सांगणारा कोणी नसे. पण तिच्यात एक सरळपणा होता, तो नंतरच्या पद्धतींत राहिला नाही. विद्यापीठ एकच, त्याचे कार्यक्षेत्र ठरलेले, शुल्क अल्प आणि पदवी सर्वांच्या ओळखीची; त्यामुळे कोणता शिक्षणक्रम खरा व कोणता खोटा, हा प्रश्न तिसगावच्या मास्तरांना कधी पडलाच नाही. त्यांना फक्त अभ्यास करावा लागला.

पत्रद्वारा शिक्षण : टपालाने पाठ पाठविण्याची कल्पना इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन याने १८४० मध्ये, त्याच वर्षी सुरू झालेल्या एक पेनीच्या टपालाचा उपयोग करून, लघुलेखन शिकविण्यासाठी अमलात आणली. दक्षिण आफ्रिका विद्यापीठाने १९४६ पासून विद्यापीठीय शिक्षण या मार्गाने दिले. भारतात दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. कोठारी यांच्याच अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) त्यांचा विस्तार सुचविला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे संचालनालय स्थापन केले. पुढे ते दूर व मुक्त अध्ययन संस्था, म्हणजे ‘आयडॉल’, या नावाने ओळखले जाऊ लागले. छापील पाठांचे गठ्ठे, लिहून पाठवावयाचे स्वाध्याय आणि सुट्टीतील संपर्कवर्ग हे या पद्धतीचे घटक होत. स्वाध्याय तपासून परत येईपर्यंत परीक्षा येऊन ठेपे, ही सार्वत्रिक तक्रार होती. मुंबई परिसरातील नोकरदारांना या संस्थेचा मोठा आधार झाला. अहमदनगरसारख्या जिल्ह्यांत मात्र बहिःस्थ परीक्षाच प्रचलित राहिली.

मुक्त विद्यापीठ : प्रवेशाच्या अटी सैल करणे आणि शिकविण्याची जबाबदारी मात्र पुरती स्वीकारणे, हे मुक्त विद्यापीठाचे वैशिष्ट्य होय. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली व १९७१ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. भारतात १९७४ मध्ये जी. पार्थसारथी यांच्या अध्यक्षतेखालील गटाने राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची शिफारस केली. परंतु प्रत्यक्षात पहिले मुक्त विद्यापीठ आंध्र प्रदेशाने १९८२ मध्ये काढले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये संसदेच्या अधिनियमाने स्थापन झाले.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिनियमाने १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नासिक येथे स्थापन झाले. त्याचे कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य हे होते. पहिले कुलगुरू राम ताकवले हे यापूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. बहिःस्थ पद्धतीचे गुणदोष त्यांना जवळून ठाऊक होते असे म्हणता येईल. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचे घोषवाक्य. त्याने केवळ संस्था उभारली नाही, तर मराठीत या क्षेत्राची परिभाषाही रूढ केली : शिक्षणक्रम, अभ्यास केंद्र, संपर्कसत्र, स्वाध्याय, श्रेयांक आणि समंत्रक. समंत्रक हा शब्द मुद्दाम योजलेला दिसतो. तो शिकविणारा प्राध्यापक नव्हे, तर स्वतः शिकणाऱ्याला सल्ला देणारा. व्याख्यान पुस्तकाने द्यावयाचे व शंका समंत्रकाने फेडावयाच्या, अशी ही वाटणी होती. त्यामुळे पुस्तकेच स्वयंअध्ययनाच्या पद्धतीने, लहान घटकांत विभागून व मध्ये मध्ये आत्मपरीक्षणाचे प्रश्न घालून लिहिली गेली. सोप्या मराठीत पदवीपातळीचे विषय मांडणारी ही पुस्तके नियमित महाविद्यालयांतील विद्यार्थी व स्पर्धा परीक्षांचे उमेदवारही वापरू लागले.

ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने या विद्यापीठाच्या दोन योजना विशेष महत्त्वाच्या ठरल्या. पहिली पूर्वतयारी शिक्षणक्रमाची. बारावी न झालेल्या प्रौढाला हा छोटा शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीच्या वर्गात येता येई. ऊसतोडणीच्या स्थलांतरामुळे किंवा लवकर झालेल्या लग्नामुळे ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी हे एकच दार उघडे होते. दुसरी योजना व्यवसायाशी निगडित शिक्षणक्रमांची : माळीकाम, फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन यांसारख्या प्रमाणपत्र व पदविका शिक्षणक्रमांनी शेतकऱ्याला शेतीसह विद्यापीठाचा विद्यार्थी केले. सेवेतील शिक्षकांसाठी असलेल्या बी.एड. शिक्षणक्रमालाही मोठी मागणी राहिली.

अभ्यास केंद्रे बहुधा चालू महाविद्यालयांत व शाळांत असत आणि संपर्कसत्रे रविवारी वा सुट्टीच्या दिवशी होत. ही व्यवस्था काटकसरीची होती, पण तिचा दर्जा केंद्रागणिक बदले. जेथे केंद्रप्रमुख व समंत्रक मनापासून काम करीत, तेथे वयाने मोठे विद्यार्थीही नियमाने जमत; जेथे तसे नसे, तेथे केंद्र म्हणजे प्रवेश अर्ज व ओळखपत्र मिळण्याची खिडकी एवढेच उरे. दोन्ही केंद्रांतील विद्यार्थ्यांच्या हाती अखेर पदवी एकच पडे. त्यामुळे शिक्षणक्रम कोणता, यापेक्षा केंद्र कोणते, हा प्रश्न खेड्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला. त्याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात नसे. ते आधीच्या तुकडीतील एखाद्याला विचारूनच कळे.

मान्यतेचा प्रश्न : पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ ने स्पष्ट केले आहे : केंद्रीय वा राज्य अधिनियमाने स्थापिलेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच तो आहे. तथापि विद्यापीठ खरे असले, तरी त्याची प्रत्येक दूरस्थ पदवी ग्राह्य असतेच असे नाही, ही गोष्ट बहुतेकांना नुकसान झाल्यावर कळली. दूरस्थ शिक्षणाच्या दर्जावर देखरेख करण्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अंतर्गत दूरशिक्षण परिषद १९९१ मध्ये स्थापन झाली. केंद्र सरकारच्या १ मार्च १९९५ च्या अधिसूचनेने, या परिषदेची मान्यता असलेल्या दूरस्थ पदव्या केंद्रीय नोकऱ्यांसाठी ग्राह्य ठरल्या. याचा दुसरा अर्थ असा, की परिषदेची मान्यता नसलेली पदवी ग्राह्य नव्हती. जाहिरातीत हा दुसरा अर्थ छापला जात नसे.

पुढील दोन दशकांत न्यायालयांपुढे आलेली प्रकरणे या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. छत्तीसगढ राज्याने २००२ च्या अधिनियमाखाली शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठांना परवानगी दिली होती. त्यांतील अनेकांना इमारतही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये, प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर, त्या अधिनियमातील संबंधित तरतुदी रद्द ठरविल्या. २००९ मध्ये अन्नमलई विद्यापीठाच्या प्रकरणात, पहिली पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट मिळविलेली एम.ए. पदवी १९८५ च्या विनियमांशी विसंगत असल्याने ग्राह्य नाही, असा निर्णय झाला. ज्याच्या पदवीवरून हा वाद झाला त्याने प्रवेश घेतला, परीक्षा दिली, पदवी मिळविली. फसवणूक त्याची स्वतःची नव्हती. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निर्णयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या अडचणीत आल्या : २००१ ते २००५ या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेची संधी देण्यात आली आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. प्रवेश व निर्णय यांत बारा ते सोळा वर्षांचे अंतर पडले होते. एवढ्या काळात माणसाची नोकरी, बढती, संसार सर्व काही त्या कागदावर उभे राहिलेले असते. नियमनातील दिरंगाईची किंमत नियामकाने दिली नाही, ती विद्यार्थ्याने दिली, हे या प्रकरणाचे खरे तात्पर्य होय. निकालाच्या कायदेशीर चर्चेत ते काहीसे झाकले गेले.

दूरशिक्षण परिषद २०१३ मध्ये विसर्जित होऊन तिचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे आले. आयोगाने २०१७ मध्ये मुक्त व दूरस्थ शिक्षणाचे, २०१८ मध्ये ऑनलाइन शिक्षणाचे आणि सप्टेंबर २०२० मध्ये दोहोंचे एकत्रित विनियम केले.

ऑनलाइन पद्धती : भ्रमणध्वनीवरील आंतरजाल २०१६ नंतर स्वस्त झाले आणि २०२०–२१ मधील करोनाच्या साथीत नियमित महाविद्यालयांचे वर्गही दूरस्थ झाले. त्यामुळे ऑनलाइन पदवीविषयीचा संकोच मोठ्या प्रमाणात गळून पडला. पूर्वीच्या पद्धतींहून तिचा मूलभूत फरक असा, की तीत प्रादेशिक कार्यक्षेत्राचे बंधन नाही. दूरस्थ पद्धतीत राज्य विद्यापीठाला आपल्या हद्दीबाहेर विद्यार्थी घेता येत नाहीत. ऑनलाइन पद्धतीत दक्षिणेतील वा उत्तरेतील विद्यापीठ तिसगावातील विद्यार्थ्याला प्रवेश देऊ शकते. ज्या गावाला १९५० मध्ये एक विद्यापीठ उपलब्ध होते, त्याला आता देशभरची अनेक विद्यापीठे उपलब्ध आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येकाची जाहिरात हातातल्या फोनवर येते.

निवडीचा पहिला निकष मान्यतेचाच राहतो, परंतु तो आता विद्यापीठापुरता नसून शिक्षणक्रम व प्रवेशसत्र यांपुरता असतो. नॅकचे किमान ३.०१ गुणांकन किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत ठरावीक वेळा स्थान, अशा अटी पुऱ्या करणाऱ्या संस्थांनाच ऑनलाइन पदव्या देता येतात. कोणत्या संस्थेला कोणत्या शिक्षणक्रमासाठी व कोणत्या सत्रापर्यंत अनुमती आहे, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. गेल्या वर्षी मान्य असलेला शिक्षणक्रम या वर्षी मान्य असेलच असे नाही. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, वास्तुकला, विधी, कृषी इ. विषयांच्या पदव्या या मार्गाने देण्यास मनाई आहे. संस्थेने दुसऱ्या कोणाला प्रवेश देण्याचे वा केंद्र चालविण्याचे अधिकार देणेही निषिद्ध आहे. तालुक्याच्या गावी एका गाळ्यात टेबल टाकून ‘हमखास पास’ अशी हमी देणारा मध्यस्थ हा या नियमाबाहेरचाच असतो. २०२४ पासून प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने स्वतः आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ओळखक्रमांक घेण्याची पद्धत सुरू झाली, तीमुळे विद्यार्थ्याला निदान एकदा तरी मूळ यादी पाहावी लागते.

दुसरा निकष उपयोगाचा. आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले, की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानल्या जातील. पण समकक्षता ही पदवीच्या दर्जाची असते. ज्या पदासाठी विशिष्ट व्यावसायिक पात्रता लागते, तेथे ती उणीव भरून निघत नाही. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याला बी.ए. कोठूनही चालेल, परंतु बी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने मान्य केलेले व तिच्या अटींतच लागेल. म्हणून निवड पदवीपासून नव्हे, तर पुढे धरावयाच्या नोकरीच्या भरती नियमांपासून मागे मागे करीत यावी लागते.

यापुढचे निकष विनियमांत सापडत नाहीत. ते गावात सापडतात. माध्यम हा त्यांतील पहिला. ऑनलाइन पदव्यांचे साहित्य बहुतांशी इंग्रजीत व काही हिंदीत असते. मराठीत शिकून आलेल्याला नासिकच्या मुक्त विद्यापीठाची छापील पुस्तके अधिक जवळची वाटतात, यात आश्चर्य नाही. परीक्षा कोठे व कशी होते, हा दुसरा. काही ऑनलाइन परीक्षा घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली होतात. ज्या घरात वेगळी खोली नाही आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तेथे नगरच्या केंद्रावर जाऊन दिलेली लेखी परीक्षा अधिक सोयीची ठरते. तिसरा निकष कालपत्रकाचा. प्रवेश आता जुलै–ऑगस्ट व जानेवारी–फेब्रुवारी अशा दोन सत्रांत दिले जातात आणि षण्मासिक परीक्षांपैकी एक बहुधा हिवाळ्यात येते. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलीला ती कारखान्याच्या तळावरून द्यावी लागेल. जुनी उन्हाळ्यातील वार्षिक परीक्षा तिला निदान गावात सापडे. सत्रपद्धतीचे शैक्षणिक लाभ मान्य केले, तरी स्थलांतर करणाऱ्यांच्या दृष्टीने ती मागे टाकलेले पाऊल आहे, आणि याचा विचार शिक्षणक्रम आखताना फारसा झालेला दिसत नाही. शुल्काचीही गोष्ट अशीच : खाजगी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांचे शुल्क मुक्त विद्यापीठांच्या मानाने पुष्कळ अधिक असते व ते हप्त्यांनी भरण्याच्या सवलतीमागे कधी कधी कर्जाचा करार असतो, जो शिक्षण सोडले तरी सुटत नाही.

नियम मध्येच बदलण्याचा अनुभव अलीकडेही आला. आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या अधिनियमाच्या अनुषंगाने आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान इ. विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणक्रम जुलै–ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून बंद करण्याचा आदेश दिला. यांतील मानसशास्त्र हा बाहेरून पदवी घेणाऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आवडीचा विषय होता. बी.ए.सारख्या अनेक विषयांच्या पदवीतून फक्त हे विषय वगळावयाचे असून उरलेल्या विषयांची पदवी पूर्ववत चालू राहते.